उभी बाटली, आडवी बाटली

या अंकासाठी आलेल्या पत्रांतून तीन पत्रे निवडली आहेत. तिन्ही पत्रलेखक एकमेकांना ओळखत नाहीत, पण तिघांनाही एकच गोष्ट अडली आहे: सज्ञान माणसाने स्वतःच्या जिवाचे काय करावे, यात सरकारने कुठपर्यंत पडावे? पहिल्या पत्राला उत्तर लांबले आहे, कारण तो प्रश्न नुसता वादाचा नाही. त्यावर एका गावात मतदान व्हायचे आहे.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आमचे गाव कऱ्हाड तालुक्यात आहे. देशी दारूचे दुकान शाळेच्या वाटेवर आहे. दर दहा दिवसांनी डेअरीत दुधाचा पगार होतो. धारा मी काढते, वैरण मी आणते, पण पगार आमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावावर निघतो आणि त्यातला निम्मा त्या दुकानात जातो. पगाराच्या रात्री आमच्या आळीत कुठल्या ना कुठल्या घरात मारहाण होतेच. म्हणून आम्ही बायकांनी सह्या गोळा करून आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करण्याच्या मतदानासाठी, अर्ज करायचे ठरवले. माझा मुलगा पुण्यात शिकतो. तो म्हणाला, "आई, मोठ्या माणसाने काय प्यावे हे ठरवण्याचा अधिकार सरकारला नाही, गावाला नाही आणि तुलाही नाही. मिल नावाच्या विचारवंताने हे कधीच सांगून ठेवले आहे." त्याचे ऐकून मी सह्यांचा कागद चार दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला आहे. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? (एक भगिनी, जि. सातारा)

उत्तर: ताई, आपल्या मुलाने मिल वाचला याचा मला आनंद आहे, त्याने तो अर्ध्यावर सोडला, एवढीच माझी तक्रार आहे.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने 1859 मध्ये व्यक्तिस्वातंत्र्यावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. सज्ञान माणसावर त्याच्या मनाविरुद्ध सक्ती करायची असेल, तर दुसऱ्याला होणारी इजा टाळणे हे तिचे एकच समर्थन असू शकते, आणि 'तुझ्याच भल्यासाठी' हे कारण सक्तीला पुरत नाही, असा त्याचा सिद्धान्त आहे. पुढे लिबर्टेरियन, म्हणजे कडव्या व्यक्तिस्वातंत्र्यवादी, मंडळींनी तो आपला पाया मानला. अमेरिकेतील मेन या राज्याने 1851 मध्ये दारूबंदीचा कायदा केला होता आणि तसाच कायदा इंग्लंडात व्हावा म्हणून काही मंडळींची खटपट चालू होती. मिलने त्या खटपटीची चांगलीच हजेरी घेतली आहे. इथपर्यंत आपल्या मुलाचे बरोबर आहे.

पण त्याच पुस्तकात मिल पुढे काय म्हणतो, तेही त्याला वाचायला सांगा. कोणी नुसता प्यायला म्हणून त्याला शिक्षा करू नये, मात्र शिपाई कामावर असताना प्यायलेला आढळला तर त्याला अवश्य करावी. नशेत हाणामारी केल्याबद्दल ज्याला एकदा शिक्षा झाली आहे, त्याच्यावर खास त्याच्यापुरते निर्बंध घालणे मिलला मान्य आहे. आणि ज्याने संसाराची जबाबदारी पत्करली, पण व्यसनापायी जो बायकामुलांना पोसू शकत नाही, तो शिक्षेला पात्र आहे, असे तो स्वच्छ लिहितो. फक्त ती शिक्षा पिण्याची नव्हे, कर्तव्य चुकवल्याची असावी, एवढे तो बजावतो. एखाद्याने घरचा पैसा भजनी मंडळावर उधळून मुले उपाशी ठेवली असती, तरी मिलने त्याला तोच न्याय लावला असता.

हा सगळा विचार साहेबाच्या देशातून आला असे चिरंजीवांना वाटत असेल, तर पुढच्या सुट्टीत त्यांना टेंभूला घेऊन जा. आपल्याच तालुक्यातले गाव आहे. गोपाळ गणेश आगरकर 1856 मध्ये तिथे जन्मले. मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या वाचनावर पोसलेल्या या माणसाने आपल्या 'सुधारक' पत्रातून माणसाच्या विवेकाची बाजू इतक्या निकराने मांडली, की पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा येऊन मुलीचे संमतिवय 10 वरून 12 वर गेले, तेव्हा परक्या सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये, सुधारणा समाजाने आतून करावी, असा पवित्रा टिळकांनी घेतला. आगरकर मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले. सरकारी दंडुका आवडणारे ते गृहस्थ नव्हते. पण 'घर' या शब्दाआड जिचे काही चालत नाही अशी एक मुलगी उभी आहे, हे त्यांनी पाहिले. घराच्या स्वातंत्र्याची भाषा जिथे बोलली जाते, तिथे ते घर कोणाचे, हे आधी विचारावे लागते.

आता आपल्या पत्राकडे येतो. त्यात मारहाण, पैसा आणि दुकान अशा तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या सोडवल्याशिवाय उत्तर नीट देता येणार नाही.

मारहाणीविषयी वादच नाही. कितीही कडवा स्वातंत्र्यवादी घ्या, सरकार कशासाठी हवे असे त्याला विचारले, तर एकाने दुसऱ्यावर हात उगारू नये यासाठी, हेच उत्तर तो देईल. आपखुशीने चढवलेली नशा ही फौजदारी कायद्यात सबब ठरत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याखाली संरक्षणाचा आदेश मिळतो आणि राहत्या घरातून बाहेर काढले जाऊ नये असाही आदेश मिळतो. त्यासाठी नवरा प्यायला होता की शुद्धीवर होता, हे सिद्ध करावे लागत नाही. तरीही चौकीवर गेलेल्या बाईला 'घरातलं घरात मिटवा' हे ऐकावे लागते. जे सरकार प्रौढ माणसाच्या पेल्यात डोकावायला तयार असते, तेच स्वतःच्या पहिल्या कामाला असे टाळते, हा माझ्या मते आपल्या गाऱ्हाण्याचा खरा गाभा आहे.

पैशाविषयी मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण आपण ते वाक्य ओघात लिहून पुढे गेला आहात. धारा आपण काढता आणि पगार मालकांच्या नावावर निघतो. स्वातंत्र्यवाद्यांचा सगळा डोलारा ज्या एका खांबावर उभा आहे, तो म्हणजे ज्याच्या कष्टाचे, त्याच्या मालकीचे. या न्यायाने मालक स्वतःच्या पैशाची दारू पीत नाहीत, आपल्या पैशाची पितात. आणि दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या चैनीला 'माझी मर्जी' म्हणता येत नाही. महाराष्ट्रात हा विचार ज्यांनी शेताच्या बांधापर्यंत नेला, ते शरद जोशी. सरकारने शेतकऱ्याच्या धंद्यातून हात काढावा, अनुदानाची भीक नको, घामाचे दाम हवेत, असे म्हणणाऱ्या या माणसाच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवले आणि पुढच्या काही वर्षांत 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम हाती घेतला. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा राजीखुशीने बायकोच्या नावावर करून द्यायचा, असा तो कार्यक्रम होता. त्यात सरकारी हुकूम नव्हता, सक्ती नव्हती, आणि तरीही अनेक गावांत सातबाऱ्यावर बायकांची नावे लागली. म्हणून सह्यांच्या कागदाबरोबर आणखी एक कागद करा, असे मी सुचवतो. डेअरीचे सभासदत्व आणि पगार जमा होणारे बँकेचे खाते आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्या. आळीतल्या दहा घरांनी हे केले, तर पगाराच्या दिवशी दुकानापुढची गर्दी मतदानाआधीच विरळ होईल. चिरंजीवांना त्या अर्जाचा मसुदा लिहायला बसवा. त्यांच्या तत्त्वात तो चपखल बसतो.

राहिले दुकान, आणि इथे खरी अडचण आहे. निव्वळ स्वातंत्र्यवादी म्हणेल की परवानाही नको आणि मतदानही नको, ज्याला विकायचे त्याने विकावे, ज्याला प्यायचे त्याने प्यावे. पण आपल्या गावातले दुकान तसे मोकळ्या बाजारातून आलेले नाही. सरकारने परवाना दिला, त्यावर महसूल घेतला आणि दुसऱ्याला तिथे दुकान काढायला बंदी केली. दारूचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितले आहे. सरकारच्या कृपेने उभ्या राहिलेल्या दुकानाला आमच्या वाटेवर जागा नको, असे म्हणणे आणि शेजाऱ्याच्या घरात शिरून त्याची बाटली फोडणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान होते, आणि यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. निम्म्याहून अधिक म्हणजे मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या. जी घरी बसली ती उभ्या बाटलीच्या पारड्यात गेली असे धरून चाला. मुंबईला कामाला गेलेल्या सुना आणि खाटेवरच्या सासवा यांचा हिशेब आधी करा. तपशिलाचे नियम बदलत असतात, म्हणून ताजा आदेश राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयातून समजून घ्या.

या मतदानाने कोणी प्याल्याबद्दल गुन्हेगार ठरत नाही. ज्याला प्यायचे आहे तो पुढच्या गावाला जाऊ शकतो, आणि जाईल. म्हणूनच मी आपल्या जागी असतो, तर सही केली असती. तरी एक गोष्ट मला खटकते आणि ती लपवत नाही. त्याच गावात संध्याकाळी एक ग्लास घेऊन, कोणाच्या वाटेला न जाता झोपी जाणारा एखादा म्हातारा असेल. या निवडणुकीत त्याला मत नाही. त्याच्यावर थोडा अन्याय होतो. आपल्या आळीतल्या रात्रींपुढे मी तो अन्याय लहान मानतो, पण तो नाहीच, असे म्हणणार नाही.

दुकानाच्या पुढे मात्र जाऊ नका. 'गावात प्यायलेला दिसला की दंड', 'घराघरात झडती', असे ठराव काही ठिकाणी उत्साहाच्या भरात होतात. बिहारने एप्रिल 2016 पासून संपूर्ण दारूबंदी केली, ती बायकांच्याच मागणीवरून. पण त्या वर्षीच्या कायद्यात घरात बाटली सापडली तर घरातल्या इतर सज्ञान माणसांनाही गोवता येईल आणि गावाला सामुदायिक दंड ठोठावता येईल, अशी कलमे घालण्यात आली. म्हणजे जिच्यासाठी कायदा केला, तीच नवऱ्याच्या बाटलीपायी आरोपी होण्याची वेळ. 2018 मध्ये ती कलमे मागे घ्यावी लागली आणि 2022 मध्ये पहिल्यांदा सापडलेल्याला दंड भरून सुटण्याची मुभा द्यावी लागली. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती 1993 पासून आहे आणि वर्ध्यात त्याहून जुनी. या तीन जिल्ह्यांच्या अनुभवावरून दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचे सिद्ध करतात, म्हणून मी त्यात शिरत नाही. आपला प्रश्न एका वाटेवरच्या एका दुकानाचा आहे आणि तो तेवढाच राहू द्या. कागद डब्याखालून काढा.

प्रश्न: मी 52 वर्षांचा असून नोकरीतल्या मित्रांबरोबर महिन्यातून एकदा प्यायला बसतो. परवा एका तरुण सहकाऱ्याने सांगितले की परवान्याशिवाय पिणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. मला हे थट्टेचे वाटले. हे खरे आहे का आणि असेल तर सरकारला हा अधिकार कोणी दिला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: थट्टा नाही. आपण ज्या ठिकाणी बसता, त्याच्या पाटीवर बहुधा 'परमिट रूम' असेच लिहिलेले असेल. ते परमिट आपले. मुंबई राज्याने 1949 मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी बंदी सर्वत्र लागू झाली. नंतर महाराष्ट्राने बंदी सैल केली, पण कायदा तसाच ठेवून त्याला परवान्याचे भोक पाडले. म्हणून कायद्याच्या दृष्टीने आजही महाराष्ट्रात दारू बंदच आहे आणि परवानाधारकाला सूट आहे. एका दिवसाच्या परवान्याला वर्षानुवर्षे देशीसाठी 2 रुपये आणि विदेशीसाठी 5 रुपये पडत आले आहेत. वर्षाचा आणि तहहयात परवानाही मिळतो. माझ्या एका मित्राकडे तहहयात परवाना आहे. त्यावर तो ऐन तिशीतला, दाट केसांचा दिसतो, आणि आरोग्य राखण्यासाठी त्याला मद्य बाळगण्याची व पिण्याची अनुमती आहे, अशा अर्थाचा मजकूर खाली छापलेला आहे. केस गेले, यकृताची तक्रार सुरू झाली, परवाना शाबूत आहे.

अधिकार कोणी दिला, याचे उत्तर राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदात आहे. औषधाचा अपवाद सोडून मादक पेयांवर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. मुंबईच्या कायद्याला बालसारा आडनावाच्या एका मुंबईकर पारशी गृहस्थांनी आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, बिअरपासून ओ-द-कोलोनपर्यंत सगळे बाळगण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये कायद्याचा बराचसा भाग उचलून धरला, पण काही ठिकाणी कात्री लावली. मद्यार्क असलेली औषधे आणि सुगंधी द्रव्ये यांवरची बंदी अवास्तव ठरली, आणि दारूची भलामण करणाऱ्या शब्दांना गुन्हा ठरवणारे कलमही गेले. थोडक्यात, व्हिस्की पिण्याचा हक्क मिळाला नाही, तिची स्तुती करण्याचा मिळाला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितल्यानंतर गुजरातेत हा विषय पुन्हा न्यायालयात गेला असून तिथल्या उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ते अर्ज ऐकण्याजोगे मानले.

माझा आक्षेप परवान्याच्या पाच रुपयांना नाही. जो कायदा कोणी पाळत नाही आणि जो मोडल्याबद्दल एरवी कोणाला धरत नाहीत, तो कायदा ज्याच्यावर राग आहे त्याच्यापुरता खणातून बाहेर काढता येतो. एखाद्या मेजवानीवर छापा पडतो, दुसरे काही सापडत नाही, आणि मग परवाना नसल्याचे कलम लागते. नशेत गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की मोटार वाहन कायदा त्याला पकडतो. तो कायदा कोणाला जाचक वाटत नाही, कारण रस्त्यावर इतरही माणसे असतात. घरात बसलेल्या बावन्न वर्षांच्या माणसाला तसे काही कारण लागू पडत नाही. आणि गंमत पाहा: 'लायसन्स-परमिट राज'वर ज्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात कोरडे ओढले आणि 1959 मध्ये स्वतंत्र पक्ष काढला, त्याच राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, मद्रास प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) असताना 1937 मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली होती. या विषयात भल्याभल्यांचे दोन्ही पाय एका दगडावर नसतात. आपण मात्र पाच रुपयांचा परवाना घ्या.

प्रश्न: डोके माझे, गाडी माझी, फुटले तर दुखणार मला. मग हेल्मेटची सक्ती कशासाठी? रोज मुलीला शाळेत सोडून कामावर जातो, गाडी कधी चाळीसच्या वर नेत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर: पुण्याहून हे पत्र येणारच होते. जानेवारी 2019 मध्ये सक्ती कडक झाली, तेव्हा आपल्या शहरात तिच्याविरुद्ध आंदोलनही झाले होते.

सक्तीच्या बाजूने नेहमी दिले जाणारे कारण म्हणजे अपघात झाला की रुग्णालयाचा खर्च समाजावर पडतो. मला हे कारण आवडत नाही, कारण ते कुठेच थांबत नाही. त्याच हिशेबाने उद्या वडापाव, परवा जिलबी आणि तेरवा सिंहगडावरची उतरण बंद करता येईल. मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमात पगडी घालणाऱ्या शीखांना सूट आहे, म्हणजे हे डोके पूर्णपणे सरकारजमा झालेले नाही, हे कायदाही जाणतो. निव्वळ आपल्या एकट्याच्या डोक्यापुरते बोलायचे, तर मी आपल्या बाजूला बराच सरकतो.

पण त्याच कलमात चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट सांगितले आहे, आणि मुलीचे डोके आपले नाही. आपल्या पत्रात स्वतःच्या डोक्याविषयी दोन पाने आहेत. मागे बसणाऱ्या मुलीच्या डोक्यावर काय असते, याविषयी एक ओळही नाही.